धरण, वीज, खाण, शहर: विश्वेश्वरय्यांनी जोडलेली साखळी, आणि ती तुटली की काय होतं

१२ ऑक्टोबर २०२०. सोमवार. सकाळी दहाच्या सुमारास मुंबईची वीज गेली.

वीज गेली म्हटल्यावर आपल्या डोक्यात काय येतं? पंखा बंद, वायफाय बंद, हॉटस्पॉट चालू करा आणि वाट बघा. पण त्या दिवशी लोकल जागेवर उभ्या राहिल्या. कोरोनाचा काळ असल्यामुळे लोकल मुख्यतः अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठीच होत्या. म्हणजे अडकले ते नेमके दवाखान्यात आणि पालिकेत कामाला निघालेले लोक. सिग्नल बंद पडले. हॉस्पिटलं जनरेटरवर गेली. मुंबई विद्यापीठाच्या ऑनलाइन परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या.

बिघाड झाला होता कळवा-पडघा भागातल्या उच्चदाब वाहिन्यांवर. फटका बसला चर्चगेटच्या प्लॅटफॉर्मपासून विद्यार्थ्याच्या लॅपटॉपपर्यंत.

पाणी, वीज, रेल्वे, रस्ते, दवाखाने या आपल्याला वेगवेगळ्या गोष्टी वाटतात, कारण त्यांची बिलं वेगवेगळी येतात आणि त्यांची ऑफिसं वेगवेगळी असतात. प्रत्यक्षात त्या एकमेकींच्या खांद्यावर उभ्या असतात. एकीचा पाय घसरला की बाकीच्या डगमगतात.

भारतात हे फार आधी ज्यांच्या लक्षात आलं, आणि ज्यांची सगळी नोकरी हे खांदे जोडण्यात गेली, अशा माणसांमध्ये एक नाव तुम्हाला पक्कं माहीत आहे. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. १५ सप्टेंबरला इंजिनिअर्स डेचं स्टेटस ठेवताना आपण ज्यांचा पगडीवाला फोटो टाकतो, ते.

रुळाचा आवाज ऐकून साखळी ओढून गाडी थांबवली, ही त्यांची गोष्ट व्हॉट्सअ‍ॅपवर तुम्ही दहा वेळा वाचली असेल. ती आज बाजूला ठेवू. दुसऱ्याच साखळीबद्दल बोलू.

मुद्देनहळ्ळी ते पुणे

विश्वेश्वरय्यांचा जन्म म्हैसूर संस्थानातल्या मुद्देनहळ्ळीचा. हे गाव आजच्या चिक्कबळ्ळापूर जिल्ह्यात येतं. जन्मसाल काही ठिकाणी १८६० दिलेलं असतं, काही ठिकाणी १८६१. वडील संस्कृतचे जाणकार होते, पण ते लवकर गेले आणि घरात पैशांची चणचण सुरू झाली. मुलगा बेंगळुरूत शिकवण्या घेत शिकला आणि १८८१ मध्ये सेंट्रल कॉलेजमधून बी.ए. झाला.

पुढे म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ती मिळाली आणि ते इंजिनिअरिंगसाठी पुण्याला आले. त्या वेळचं कॉलेज ऑफ सायन्स, म्हणजे आपलं आजचं सीओईपी. १८८३ च्या परीक्षेत पहिला नंबर आला आणि मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरी लागली. १८८४ मध्ये ते असिस्टंट इंजिनिअर म्हणून नाशिकला रुजू झाले. सुरुवातीच्या कामांपैकी एक होतं धुळ्याजवळ पांझरा नदीच्या पाटावर नळाचा सायफन टाकण्याचं.

त्यानंतर त्यांना पाठवलं थेट सिंध प्रांतात, सक्करला. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यातच होता. सक्करच्या शेजारून सिंधू वाहते, म्हणजे पाण्याची कमी नाही. पण पाणी गढूळ. ते गाळायला मोठ्या टाक्या आणि वाळूचे थर उभारायचे, तर नगरपालिकेकडे तेवढा पैसा नव्हता. विश्वेश्वरय्यांनी नदीच्या पात्रातच, काठाजवळ विहीर खणून घेतली आणि तिथून नदीच्या तळाखाली बोगदा नेला. नदीचं पाणी वाळूतून झिरपत, आपोआप गाळून विहिरीत येऊ लागलं. तिथून ते पंपाने वर चढवायचं आणि गावात सोडायचं.

यातली खुबी लक्षात घ्या. गावाचं पाणी जितक्या जास्त यंत्रांवर अवलंबून, तितक्या जास्त ठिकाणी ते अडू शकतं. पंप टाळता येत नव्हता, म्हणून तो ठेवला. गाळण्याचं काम मात्र नदीच्या वाळूकडे सोपवलं. एक कडी कमी झाली.

खडकवासल्याचे दरवाजे

१८९९ च्या सुमारास ते पाटबंधारे खात्याचे एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर म्हणून पुण्यात होते. आता पुणेकरांनी जरा सरसावून बसा.

खडकवासल्याचं धरण १८७९ मध्ये तयार झालं होतं. तलावाचं सरकारी नाव लेक फाइफ. या एकाच तलावातून पुणे शहर आणि कॅम्पाला पिण्याचं पाणी मिळायचं, आणि त्याच तलावाच्या मुठा कालव्यावर हडपसरच्या पुढची शेती भिजायची. शहराची तहान वाढली की शेताला कमी, शेताने जास्त उचललं की शहराला कमी. हा वाद आजही दर उन्हाळ्यात कालवा समितीच्या बैठकीत होतो. म्हणजे तो निदान सव्वाशे वर्षं जुना आहे.

दर पावसाळ्यात धरण भरून सांडव्यावरून पाणी वाहून जायचं. पुढे उन्हाळ्यात तेच पाणी हवं असायचं. भिंत उंच करावी तर पुराच्या वेळी धरणावरचा भार वाढणार. विश्वेश्वरय्यांनी सांडव्यावर स्वयंचलित दरवाजे बसवले. पाणी ठराविक पातळीच्या वर गेलं की ते एका कप्प्यात शिरायचं, वजनाचा तोल बदलायचा आणि दरवाजे आपोआप उचलले जायचे. पूर ओसरला की दरवाजे आपोआप खाली. यामुळे तलावात जुन्या सांडव्याच्या वर सुमारे ८ फूट जास्त पाणी साठवता येऊ लागलं. पुढे हेच तंत्र ग्वाल्हेरजवळच्या तिगरा धरणावर आणि म्हैसूरजवळच्या कृष्णराजसागरवर वापरलं गेलं.

१९०३ च्या सुमारासची ही गोष्ट. दरवाजा उघडायला विजेची मोटर लागत नव्हती. धरणावरून शहरात फोन करून परवानगी मागावी लागत नव्हती. रात्री दोन वाजता, मुसळधार पावसात, रखवालदार जागा असेलच हे गृहीत धरलेलं नव्हतं. पाणी वाढलं की पाण्यानेच दरवाजा उघडायचा. संकटाच्या वेळी वीज, फोन आणि रस्ते सगळ्यात आधी जातात. त्यामुळे संकटासाठी केलेली सोय त्यांच्यावर अवलंबून नसणं ही फार मोठी गोष्ट आहे.

याच काळात त्यांनी नीरा कालव्यावर ब्लॉक पद्धत आणली. कालव्याचं पाणी ज्याच्या हाताला लागेल त्याने उसाला ओतायचं, हे थांबवून जमिनीचे ब्लॉक पाडायचे, पिकांची पाळी ठरवायची आणि पाणी जास्त गावांना पोचवायचं. उसाचं पाणी कमी होणार म्हणून विरोधही झाला. १९०६ मध्ये ते एडनला गेले. एडनचा कारभारही तेव्हा मुंबईहून चालायचा. पाण्याविना तडफडणाऱ्या त्या बंदरासाठी त्यांनी शहराच्या उत्तरेला लाहेजकडच्या नदीपात्रातून पाणी आणण्याची आणि गटारांची योजना सुचवली. पाणी येणार तर ते वापरून झाल्यावर जाणार कुठे, हा प्रश्न त्यांनी त्याच वेळी सोडवायला घेतला.

चीफ इंजिनिअरची जागा मात्र गोऱ्या अधिकाऱ्यांसाठीच राखून ठेवल्यासारखी होती. कितीही काम केलं तरी तिथे पोचता येणार नाही हे दिसल्यावर त्यांनी नोकरी सोडली आणि ते परदेश बघायला निघाले.

हैदराबाद: एक तलाव फुटला, मग दुसरा

२८ सप्टेंबर १९०८. हैदराबादमधून वाहणाऱ्या मुसी नदीला पूर आला. या पुरात सुमारे १५ हजार माणसं गेली असं मानलं जातं. नदीवरचे पूल वाहून गेले, सोळाव्या शतकातला पुराना पूल तेवढा तगला. पूल गेले म्हणजे शहराचे दोन तुकडे झाले. अफजलगंजच्या दवाखान्यात पाणी शिरलं. ज्या दिवशी दवाखान्याची सगळ्यात जास्त गरज, त्याच दिवशी दवाखाना पाण्यात. तिथल्या आवारातल्या चिंचेच्या झाडावर चढून दीडशेच्या आसपास माणसं वाचली, असं हैदराबादमध्ये आजही सांगितलं जातं. ते झाड अजून उभं आहे.

परदेशात असलेल्या विश्वेश्वरय्यांना निजाम सरकारचं बोलावणं आलं आणि १९०९ मध्ये ते कामाला लागले. त्यांनी आधी पाऊस मोजला, नदीचं खोरं फिरून पाहिलं, पुराच्या खुणा तपासल्या. पाऊस प्रचंड होता हे खरं. पण आणखी एक गोष्ट पुढे आली. हैदराबादच्या वरच्या बाजूला खोऱ्यात शेकडो लहान-मोठे तलाव होते. एका ओढ्यावर एकाखाली एक, माळेतल्या मण्यांसारखे. वरचा तलाव फुटला की त्याचं सगळं पाणी खालच्या तलावावर यायचं. तो आधीच काठोकाठ भरलेला, मग तोही फुटायचा. असे दोनशेहून जास्त तलाव फुटले.

आज इंजिनिअर याला साखळी बिघाड म्हणतात. विजेच्या ग्रिडमध्येही हेच होतं. एक वाहिनी बंद पडली की तिचा भार शेजारच्या वाहिन्यांवर जातो. त्या आधीच भरलेल्या असतील तर त्याही बंद पडतात. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईत झालं ते याच जातीचं.

विश्वेश्वरय्यांनी उपाय सुचवला तो शहराच्या वर, मुसी आणि तिची उपनदी ईसी यांच्यावर दोन मोठे जलाशय बांधण्याचा. पुढे ते उभे राहिले: १९२० मध्ये उस्मानसागर आणि १९२७ मध्ये हिमायतसागर. पूर अडवायचा तर जलाशयात रिकामी जागा राखून ठेवायला हवी. तहान भागवायची तर पाणी साठवायला हवं. दोन्ही कामं एकाच जलाशयाकडून करून घ्यायची, म्हणजे किती भरायचं आणि किती रिकामं ठेवायचं हे ठरवून बांधायचं. त्यासोबत शहराची गटारं आणि नदीचे काठ यांचीही योजना होती.

रिकामी जागा. हा शब्द लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

कावेरीचं पाणी आटलं की सोन्याची खाण अडते

१९०९ च्या अखेरीला विश्वेश्वरय्या म्हैसूर संस्थानाचे चीफ इंजिनिअर झाले. आणि त्यांच्यासमोर आलं ते आजवरचं सगळ्यात गुंतागुंतीचं कोडं.

म्हैसूर संस्थानात कोलारला सोन्याच्या खाणी होत्या. केजीएफ. हो, तोच केजीएफ. सोन्याची खाण म्हणजे जमिनीखालची गल्लीबोळं. कोलारच्या खाणी तर पुढे ३ किलोमीटरहून जास्त खोल गेल्या. इतक्या खाली माणसं उतरवायची तर पाळणा हवा. आत साचणारं पाणी उपसायला पंप हवेत. श्वास घ्यायला हवा ढकलावी लागते. वर आलेला दगड फोडायला यंत्रं लागतात. या सगळ्यासाठी वीज.

वीज यायची कुठून? कावेरीवरच्या शिवनसमुद्र धबधब्याजवळ १९०२ मध्ये जलविद्युत केंद्र सुरू झालं होतं. तिथून सुमारे ९२ मैल, म्हणजे जवळजवळ १४८ किलोमीटर लांब तारांमधून वीज कोलारला जायची. त्या काळात जगातल्या सगळ्यात लांब वाहिन्यांमध्ये तिची गणना होई. १९०५ मध्ये याच केंद्राच्या विजेवर बेंगळुरूचे रस्त्यांवरचे दिवे लागले.

अडचण अशी होती की शिवनसमुद्रला पाणी साठवायची सोय नव्हती. नदी जेवढी वाहील तेवढी वीज. पावसाळ्यात कावेरी दुथडी भरून वाहायची, पण उन्हाळ्यात धार बारीक व्हायची आणि वीज कमी पडायची. कूर्गच्या डोंगरात पाऊस कमी झाला, तर शेकडो किलोमीटर लांब कोलारमध्ये जमिनीखालचा पंप अडणार. आणि खाण अडली की संस्थानाच्या तिजोरीत येणारं उत्पन्न अडणार.

पाऊस, नदी, वीज, खाण, तिजोरी. पाच कड्यांची साखळी, आणि तिची एक कडी दर उन्हाळ्यात कमकुवत.

विश्वेश्वरय्यांचं उत्तर होतं कावेरीवर, शिवनसमुद्रच्या बऱ्याच वर, कन्नंबाडी गावाजवळ मोठं धरण. हेच पुढे कृष्णराजसागर झालं. पावसाळ्याचं पाणी अडवायचं आणि वर्षभर सारख्या प्रमाणात खाली सोडायचं. शिवनसमुद्रची चाकं उन्हाळ्यातही फिरत राहतील, कोलारला वीज मिळेल, विजेचे पैसे येतील आणि त्या पैशांचा आधार घेऊन शेतीसाठीचं काम पुढे नेता येईल. मंड्याचा भाग तेव्हा कोरडा होता. तिथे कालवा न्यायचा.

ऐकायला सोपं वाटतं, पण वीज आणि शेती यांना पाणी वेगवेगळ्या पद्धतीने लागतं. विजेला वर्षभर एकसारखी धार हवी. पिकाला ठराविक महिन्यांत भरपूर आणि एरवी काही नाही. शिवाय कालव्यात सोडलेलं पाणी शेतात जातं, खालच्या टर्बाइनवर जात नाही. म्हणजे दोघांना पुरायचं तर धरण तेवढं मोठं हवं. आणि मोठं धरण म्हणजे मोठा खर्च. संस्थानाच्या तिजोरीला तो झेपेल का, अशी शंका दरबारातल्या अनेकांना होती. शेवटी महाराज कृष्णराज वडियार चौथे यांनी १९११ मध्ये मंजुरी दिली.

काम सुरू झालं. परदेशी सिमेंट महाग, म्हणून चुना आणि भाजलेल्या मातीची भुकटी मिसळून केलेली सुरखी वापरली. जागेवर मिळणाऱ्या मालात काम होत असेल, तर लांबून येणाऱ्या जहाजाची वाट बघावी लागत नाही. एक कडी पुन्हा कमी. पहिला टप्पा खाणीला वाढीव वीज वेळेत देता यावी अशा बेताने रेटला गेला. संपूर्ण धरण आणि कालवा पुरे व्हायला १९३० चं दशक उजाडलं. धरणाची लांबी सुमारे ८,६०० फूट. आज ज्या कालव्याला विश्वेश्वरय्यांचं नाव आहे, त्याच्या पाण्यावर मंड्यात ऊस उभा राहिला आणि १९३३ मध्ये तिथे साखर कारखाना निघाला. साखळीला आणखी दोन कड्या जोडल्या गेल्या: ऊस आणि साखर.

किंमत कुणी मोजली?

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. धरणाच्या पाण्याखाली कन्नंबाडीसह अनेक गावं गेली. ज्यांची जमीन बुडाली त्यांच्या घरात कोलारच्या विजेचा दिवा लागणार नव्हता. मुळशीच्या लोकांनी १९२१ मध्ये टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली जो प्रश्न विचारला, तोच प्रश्न इथेही होता. साखळी जोडली जाते तेव्हा फायदा एका टोकाला आणि नुकसान दुसऱ्या टोकाला, असं होऊ शकतं.

दुसरं टोक होतं मद्रास इलाख्यात. कावेरी म्हैसूरमध्ये संपत नाही. ती खाली तंजावरच्या भातशेतीत जाते. वर धरण झालं तर आमच्या शेतीचं काय, असा मद्रासचा आक्षेप होता. लवाद बसला, १९१४ चा निवाडा म्हैसूरच्या बाजूने लागला, मद्रासने तो मान्य केला नाही आणि शेवटी १९२४ मध्ये ५० वर्षांचा करार झाला. त्यानंतर मद्रासने आपलं मेट्टूर धरण बांधलं. करार १९७४ मध्ये संपला आणि भांडण पुन्हा सुरू झालं. १९९० मध्ये लवाद नेमला गेला, २००७ मध्ये त्याचा निवाडा आला आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला अंतिम निकाल द्यावा लागला.

आता यात भर बघा. १९७० च्या दशकापासून बेंगळुरू शहर कावेरीचं पाणी पितं. हे पाणी सुमारे १०० किलोमीटरवरून येतं आणि जवळपास ५०० मीटर वर चढवावं लागतं. म्हणजे कधी काळी कावेरीच्या पाण्यापासून वीज मिळायची म्हणून बेंगळुरूत दिवे लागले. आता वीज आहे म्हणून कावेरीचं पाणी बेंगळुरूच्या नळाला येतं. वीज गेली की पंप थांबतो आणि पंप थांबला की टाक्या उतरायला लागतात. साखळीचं वर्तुळ झालं आहे.

दिवाणसाहेब

१९१२ मध्ये विश्वेश्वरय्या म्हैसूरचे दिवाण झाले. आता हातात फक्त धरण नव्हतं, सगळं संस्थान होतं. १९१३ मध्ये बँक ऑफ म्हैसूर निघाली आणि १९१६ मध्ये म्हैसूर विद्यापीठ. १९१५ मध्ये त्यांना सर ही पदवी मिळाली. वीज आहे पण कारखाना नाही, कारखाना आहे पण भांडवल नाही, भांडवल आहे पण शिकलेली माणसं नाहीत, तर उपयोग काय, असा हा सगळा हिशोब होता.

एका बाबतीत मात्र त्यांची आणि लोकांच्या मागणीची गाठ पडली नाही. सरकारी नोकऱ्यांमध्ये ब्राह्मणेतर समाजाला राखीव जागा हव्यात, या मागणीसाठी महाराजांनी मिलर समिती नेमली होती. विश्वेश्वरय्यांचा अशा राखीव जागांना विरोध होता. या मतभेदातून १९१८ च्या अखेरीला त्यांनी दिवाणपद सोडलं. नदीच्या कुठल्या टोकाला पाणी पोचत नाही हे मोजणाऱ्या माणसाला, संधी कुठल्या टोकाला पोचत नाही हा प्रश्न तितक्या तीव्रतेने वाटला नाही, ही टीका त्यांच्यावर आजही होते.

त्यानंतर भद्रावतीचा लोखंडाचा कारखाना. तो १९२३ मध्ये सुरू झाला. त्या भागात दगडी कोळसा नव्हता, म्हणून भट्टीला लाकडी कोळसा. म्हणजे लोखंड जंगलावर अवलंबून. महायुद्धानंतर लोखंडाचे भाव पडले आणि कारखाना तोट्यात गेला. तेव्हा विश्वेश्वरय्यांनी त्याच्या मंडळाची सूत्रं हाती घेऊन खर्च आवळला आणि कारखाना सावरला.

पुढची अनेक वर्षं ते देशभर फिरत राहिले. ओडिशाचे पूर, तुंगभद्रेचं धरण, बिहारमध्ये मोकामाजवळचा गंगेवरचा पूल, सगळीकडे त्यांचा सल्ला घेतला गेला. मोकामाच्या वेळी त्यांनी नव्वदी गाठली होती. १९३४ मध्ये त्यांनी भारतासाठी नियोजित अर्थव्यवस्थेवर पुस्तक लिहिलं. १९५५ मध्ये भारतरत्न मिळालं. १९६० मध्ये ते हयात असतानाच त्यांच्या जन्मशताब्दीचं टपाल तिकीट निघालं.

१२ जुलै १९६१

आणि मग पुण्यात पानशेत झालं.

खडकवासल्याच्या वर, आंबी नदीवर पानशेतचं धरण बांधलं जात होतं. काम पुरतं झालेलं नव्हतं. तरी पावसाळ्यात त्यात पाणी साठलं. १२ जुलै १९६१ च्या सकाळी ते फुटलं. सगळं पाणी खाली आलं ते खडकवासल्यावर. ज्या खडकवासल्यावर विश्वेश्वरय्यांनी साठ वर्षांपूर्वी दरवाजे बसवले होते, त्याच धरणावर. पावसाचा पूर येईल हे धरून ते धरण उभं होतं. वरचं अख्खं धरण अंगावर येईल हे कुणी धरलेलं नव्हतं. काही तासांत खडकवासलाही फुटलं.

हैदराबादच्या तलावांची गोष्ट आठवली? वरचा फुटला, मग खालचा.

पुण्यात मुठेचं पाणी शनिवार, नारायण, कसबा पेठांमध्ये घुसलं. पूल पाण्याखाली गेले आणि नदीच्या दोन काठांचा संबंध तुटला. सुमारे एक हजार माणसं गेली असं मानलं जातं. आणि पूर ओसरल्यावर कळलं की शहराला पाणी देणारं धरणच उरलेलं नाही. चहूकडे पाणी, आणि नळ कोरडे. पुणेकरांना वाड्यातल्या विहिरी आणि पेशव्यांच्या काळातले हौद पुन्हा आठवले. जुनी, विसरलेली सोय होती म्हणून काही दिवस निभावले.

विश्वेश्वरय्या तेव्हा शंभरीच्या घरात होते आणि बेंगळुरूत राहत होते. पुढच्याच वर्षी, एप्रिल १९६२ मध्ये ते गेले.

मग आपण यातून काय घ्यायचं?

व्यवस्था एकमेकींना जोडू नका, असा धडा यातून निघत नाही. जोडल्या म्हणूनच कोलारला वीज मिळाली, मंड्यात ऊस आला आणि पुण्याला उन्हाळ्यात पाणी पुरलं. प्रश्न आहे तो जोडताना काय राखून ठेवलं याचा.

विश्वेश्वरय्यांची कामं एका ओळीत मांडून बघा. सक्करला एक यंत्र कमी केलं. खडकवासल्याला दरवाजा कुणाच्या हुकमावर किंवा विजेवर अवलंबून ठेवला नाही. हैदराबादला जलाशयात पुरासाठी रिकामी जागा राखली. कावेरीवर कोरड्या महिन्यांसाठी साठा केला. प्रत्येक ठिकाणी त्यांनी साखळीत थोडी ढील ठेवली. पानशेतला ती नव्हती. अर्धवट धरणात पाणी आलं, आणि खालच्या धरणात एवढा लोंढा पेलायची जागा नव्हती.

आज उलटा दबाव आहे. रिकामी जागा म्हणजे वाया गेलेली जागा असं वाटतं. पूररेषेत प्लॉट पडतात. तलाव बुजवून सोसायट्या होतात. जनरेटर आहे पण डिझेल भरलेलं नाही, असं दर दुसऱ्या इमारतीत सापडेल. ऑक्टोबर २०२० मध्येच, मुंबईची वीज गेल्यानंतर एक-दोन दिवसांत हैदराबादमध्ये अतिवृष्टी झाली, शहराच्या कडेचे तलाव फुटले आणि बेंगळुरूला जाणाऱ्या महामार्गाचा भाग वाहून गेला. जुलै २०१२ मध्ये उत्तर आणि पूर्व भारताची ग्रिड कोसळली, तेव्हा ६० कोटींहून जास्त लोक अंधारात गेले. मेट्रो आणि रेल्वे थांबल्या, आणि बंगाल-झारखंडमधल्या कोळसा खाणींत पाळणे बंद पडल्यामुळे शेकडो कामगार जमिनीखाली अडकले. सुदैवाने ते सुखरूप वर आले. कोलारची जुनी भीती शंभर वर्षांनी दुसऱ्या खाणीत खरी ठरली होती.

तेव्हा पुढच्या वेळी तुमच्या शहरात नवा पूल, नवी मेट्रो, नवं धरण जाहीर झालं, तर त्याची लांबी आणि खर्च विचाराच. पण सोबत आणखी दोन प्रश्न विचारा. हे कशावर चालणार आहे? आणि ते बंद पडलं तर आणखी काय काय बंद पडेल?

नगरसेवकाला विचारा, वॉर्ड ऑफिसात विचारा. आणि सुरुवात म्हणून सोसायटीच्या मीटिंगमध्ये विचारा, की वीज गेली तर आपली पाण्याची टाकी किती तास पुरते.